जुनी गाडी मागून बसली? आधी मोजमाप, मग खर्च

आपल्या व्यापारात जुन्या बोलेरोसारखी गाडी म्हणजे घरचा माणूस. सकाळी मुलांना शाळेत सोडते, दुपारी भिवंडीहून कापडाचे तागे आणते आणि शुक्रवारी बाजाराच्या गावाला जाते. पाच-सात वर्षे असे काम केल्यावर एक दिवस लक्षात येते की गाडी मोकळी उभी असतानाही मागून खाली वाकलेली दिसते. चार माणसे बसली की खड्ड्यात ठणका बसतो. रात्री कसारा घाटात समोरचे गाडीवाले दिवे मारून शिव्या देतात, कारण आपल्या दिव्यांचा उजेड त्यांच्या डोळ्यांत जातो.

अशा वेळी गॅरेजमध्ये तीन सल्ले मिळतात. एक म्हणतो, शॉकअप बदला. दुसरा म्हणतो, एक पाटा वाढवा. तिसरा म्हणतो, अख्खा सेट नवा टाका. तिन्ही सल्ल्यांत पैसे जातात, आणि रोग न ओळखता औषध घेतले तर पैसे जाऊनही गाडी खालीच राहते. माझ्या स्वतःच्या गाडीला मी आधी शॉकअपची नवी जोडी घातली. गाडी एक बोटभरही वर आली नाही. म्हणून हा विषय व्यापारी बंधूंनी आणि गॅरेजच्या कारागिरांनी नीट समजून घ्यावा असे वाटते.

वजन कोण उचलते?

बोलेरो, जुनी क्वालिस, जुनी सुमो या गाड्यांच्या मागच्या धुरीवर पाटे असतात. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांची ही कमान. सर्वांत वरचा मेन पाटा दोन्ही टोकांना वळवून त्याचे डोळे केलेले असतात. एक डोळा गाडीच्या चेसिसला पिनेने बांधलेला, दुसरा शॅकलला. वजन पडले की कमान सपाट होते, लांबी वाढते आणि शॅकल मागे झुकून तिला जागा देते. मधोमध सेंटर बोल्ट सर्व पाटे एकत्र धरतो आणि दोन यू बोल्ट त्यांना धुरीशी आवळतात.

गाडीचे वजन हे पाटे उचलतात. शॉकअपचे काम वेगळे आहे. खड्ड्यातून गेल्यावर गाडी वरखाली डुलत राहू नये म्हणून तो डुलणे थांबवतो. शॉकअप गळत असेल तर तो अवश्य बदलावा, परंतु त्याने बसलेली गाडी उठत नाही.

इनोव्हा आणि जुनी सफारी यांना मागे पाटे नसून गुंडाळीची कॉइल स्प्रिंग असते. त्यांचा विचार शेवटी करू.

आधी मोजावे

कापड घेताना आपण गजाने मोजतो, नजरेने नाही. येथेही तसेच करावे. गाडी सपाट फरशीवर मोकळी उभी करावी. चारही टायरमध्ये पुस्तिकेप्रमाणे हवा भरावी. मग चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून कागदावर लिहावे. जमिनीपासून मोजू नये, कारण टायर झिजलेला असला तर हिशेब चुकतो.

दोन्ही बाजू सारख्याच खाली असतील तर पाटे थकले आहेत. एकच बाजू खाली असेल तर त्या बाजूचा एखादा पाटा तुटला असण्याची शंका घ्यावी, किंवा बुश, पिन, शॅकल पाहावे. बुश पूर्ण झिजला की एकीकडे खाली बसते आणि चालताना खडखड आवाज येतो.

मग तारेच्या ब्रशने पाट्यांची माती काढून उजेडात पाहावे. चीर बहुधा सेंटर बोल्टच्या छिद्राजवळ, डोळ्याच्या वळणावर किंवा खालच्या पाट्याच्या टोकाने जिथे घासले आहे तिथे सापडते. सेंटर बोल्ट तुटला असेल तर धुरी जागेवरून सरकते आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालल्यासारखी दिसते. अशी गाडी घाटात नेऊच नये.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नये. लोखंडी घोड्या लावल्याशिवाय आत डोके घालणे म्हणजे जिवाशी खेळ.

वजनाचा हिशेब

पाटे म्हातारे होतात त्यात रस्त्याचा दोष आहे, तसा आपलाही आहे. जवळच्या वजनकाट्यावर नेहमीच्या मालासह गाडी नेऊन फक्त मागची चाके काट्यावर ठेवावीत. मागच्या धुरीवर खरा भार किती पडतो ते तिथे कळते. कंपनीच्या पुस्तिकेतील मर्यादेशी तो ताडून पाहावा.

माल कुठे ठेवला यालाही महत्त्व आहे. समजा पुढच्या व मागच्या धुरीत २७० सेंटिमीटर अंतर आहे. १०० किलोची गाठ मागच्या धुरीच्याही ५४ सेंटिमीटर मागे, दरवाज्याला टेकवून ठेवली, तर तरफेच्या नियमाने मागच्या धुरीवर १२० किलो भार येतो आणि पुढची चाके २० किलोने हलकी होतात. हलक्या झालेल्या पुढच्या चाकांची पकड कमी होते. तीच गाठ मधल्या सीटला टेकवून धुरीच्या पुढे ठेवली तर पाट्यांवरचा भार १०० किलोच्या आत राहतो. या उपायाला एक पैसाही लागत नाही.

पाणी उतरलेला पाटा

पाट्याचे पोलाद साधे लोखंड नसते. त्यात सिलिकॉन, मँगेनीज किंवा क्रोमियम मिसळलेले असते. कारखान्यात पाटा सुमारे ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भट्टीत तापवतात, कमान देऊन तेलात विझवतात आणि पुन्हा सुमारे ४०० ते ५०० अंशांवर ठेवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. आपला लोहार विळ्याला पाणी पाजतो, तोच हा प्रकार, फक्त मोजून-मापून केलेला.

वर्षानुवर्षे जास्त वजन पडले की पाटा आपली मूळ कमान विसरतो. त्याला पुन्हा कमान देता येते. गाडी परवडणाऱ्या खर्चात उठवण्याचा हाच मुख्य मार्ग आहे. पण कमान देण्याच्या तीन पद्धती आहेत, आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिली, थंड पाटा ऐरणीवर घणाने ठोकून वाकवणे. हे स्वस्त व झटपट होते, पण पुष्कळदा थोड्याच दिवसांत गाडी पुन्हा बसते. दुसरी, गॅसच्या ज्योतीने मधेच लाल करून वाकवणे. ही पद्धत कोणी फुकट करून दिली तरी घेऊ नये. जिथे ज्योत लागली तिथले पाणी उतरते. तो भाग मऊ पडतो, किंवा पटकन थंड झाला तर काचेसारखा ठिसूळ होतो. तिसरी, पाटे सुटे करून भट्टीत सारखे तापवणे, फर्म्यावर कमान देणे, तेलात विझवणे आणि पुन्हा तापवून पाणी बसवणे. हीच खरी दुरुस्ती.

म्हणून पाटेवाल्याकडे गेल्यावर भावाच्या आधी एकच प्रश्न विचारावा: "उस्ताद, कमान दिल्यावर पाणी कसे देता?" जो कारागीर भट्टी व तेलाची टाकी दाखवून समजावतो, त्याच्याकडे चार पैसे जास्त गेले तरी द्यावेत.

कमान नेहमी दोन्ही बाजूंना एकाच वेळी द्यावी. तुटलेला पाटा वेल्डिंग करून जोडू नये, कारण वेल्डिंगच्या कडेला पोलाद ठिसूळ होते आणि तिथेच पुन्हा तुटते. त्या मापाचा दुसरा पाटा घालावा. पाटे गंजून खड्डे पडलेले असतील किंवा मेन पाट्याच्या डोळ्याला चीर असेल तर जुन्यावर खर्च न करता नवी जोडी घ्यावी. माझा ठोकताळा असा की दुरुस्तीचा सगळा खर्च नव्या जोडीच्या निम्म्याच्या वर जाऊ लागला की नवीच घ्यावी.

जादा पाट्याचा मोह

"एक पाटा चढवा, काम झाले" हे सर्वांत जास्त ऐकू येते. मूळ पाटे शाबूत असतील आणि रोजचा माल मर्यादेच्या आत पण कायम असेल, तर योग्य मापाचा पाटा चालतो. माप महत्त्वाचे आहे. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. त्याच रुंदी-लांबीचा ६ मिलिमीटरचा पाटा काढून ७ मिलिमीटरचा घातला तर तो सुमारे १.६ पट कडक होतो. मोकळ्या गाडीत मग घरच्या म्हाताऱ्या माणसांची कंबर धरते.

याहून मोठी गोष्ट ब्रेकची आहे. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा व्हॉल्व्ह एका दांडीने धुरीशी जोडलेला असतो. बॉडी खाली आली की त्याला वाटते माल भरला आहे, आणि तो मागे जास्त जोर देतो. आपण पाटा चढवून बॉडी कृत्रिमरीत्या उंच केली तर माल भरलेला असूनही त्याला गाडी मोकळी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. तेव्हा उंची बदलल्यावर ही दांडी पुस्तिकेप्रमाणे बसवून घेणे विसरू नये.

शिवाय जादा पाट्याने गाडीची कायदेशीर वजनमर्यादा वाढत नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा ठेवला आहे. लांब शॅकल किंवा धुरी व पाट्यामध्ये ठोकळे घालून गाडी उचलणेही टाळावे. त्याने थकलेल्या पाट्यांत ताकद येत नाही, फक्त गाडी उंच दिसते.

कारागिरांसाठी चार गोष्टी

पाट्यांचा जुडगा सोडताना तो आधी शिकंजात आवळावा, कारण सेंटर बोल्ट निघताच पाटे उसळतात. यू बोल्ट व सेंटर बोल्ट नवेच घालावेत. ताणलेला जुना यू बोल्ट पुन्हा आवळ धरत नाही. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून शेवटचे आवळावेत, हवेत टांगलेली असताना नाही. नाहीतर रबर पिळून लवकर फाटते. आणि थोडे दिवस माल वाहून झाल्यावर गिऱ्हाईकाला परत बोलावून यू बोल्ट टॉर्क पान्याने तपासून द्यावेत. पाट्यांवर जळके ऑइल ओतण्याची जुनी सवयही सोडावी, त्याने रबर फुगते व खराब होते.

कॉइल स्प्रिंगच्या गाडीला हे काही लागू नाही. बसलेली कॉइल तापवून ताणू नये, तिच्या वेढ्यांत रबराचे तुकडे घालून कायमचे भागवू नये. योग्य नंबरची नवी जोडी घालावी.

काम झाल्यावर पुन्हा टेप घेऊन तीच मापे घ्यावीत, जुन्या आकड्यांशेजारी तारखेसह लिहावीत आणि दिव्यांचा रोख भिंतीवर पाडून बसवून घ्यावा. दर तीन महिन्यांनी मापे ताडून पाहावीत. आकडा उतरू लागला तर पाट्यांचे पाणी कच्चे राहिले आहे किंवा आपला माल जास्त होत आहे. पहिल्या बाबतीत पाटेवाल्याला जाब विचारावा, दुसऱ्या बाबतीत स्वतःला.