मध्यरेषेआधी दम

रात्रीचे साडेनऊ. आपट्याच्या मैदानावर हॅलोजन पेटलेत, पाणी मारून माती दाबून घेतलीय, फक्कीच्या रेषा अजून कोऱ्या आहेत. सिनेमावाल्यांना हे गाव रेल्वे स्टेशनामुळे माहीत. आज मात्र सगळी गर्दी इकडे, कबड्डीला.

पंच एकेका खेळाडूची बोटं चाचपतोय. वाढलेली नखं चालत नाहीत, अंगठी-कडं चालत नाही, अंगाला तेल तर नाहीच नाही. एकाला परत पाठवलं जातं. कुणाच्या तरी किल्ल्यांच्या जुडग्याला नेलकटर निघतं आणि तो गडी रेषेबाहेर उकिडवा बसून करंगळीपर्यंत नखं कापतो.

माझ्या शेजारी दिवाळीला कॅनडाहून आलेला भाचा. तो तिकडे बर्फावरची हॉकी खेळतो.

तिसरी चढाई. आधीच्या दोन रिकाम्या गेल्यात, म्हणजे आता गुण आणायचा, नाहीतर बाद. चढाईपटू घाईत निघतो. पाऊल मध्यरेषेपलीकडे पडतं आणि मग तोंडातून ‘कबड्डी’ फुटतं. शिट्टी! पंच त्याला माघारी बोलावतो. समोरच्यांना एक गुण, वर चढाईही त्यांचीच.

‘‘मामा, त्याला तर कुणी हातसुद्धा लावला नाही!’’

‘‘दम उशिरा घेतला. रेषा ओलांडायच्या आधी सुरू व्हायला हवा.’’

भाच्याचे डोळे चमकतात. ‘‘म्हणजे आमचा फेसऑफ!’’ आणि तो चपलेच्या टोकाने मातीत ठिपका काढून दाखवायला लागतो. पंच दोन सेंटरच्या मधे चकती टाकतो. काठी आधी कुणी टेकवायची, हेही एनएचएलमध्ये ठरलेलं: मैदानाच्या मधोमध असेल तर पाहुण्या संघाने, बाकीच्या आठ ठिपक्यांवर बचाव करणाऱ्याने. कुणी घाई केली, की पंच त्याला हाकलतो आणि त्याच्या जागी दुसरा गडी येतो. त्याच वेळी त्या संघाने पुन्हा आगळीक केली, तर एकजण दोन मिनिटं दंडाच्या पेटीत.

म्हणजे तिकडे पहिली चूक गडी बदलून भागते. आमच्याकडे पहिल्यालाच गुण जातो. मला आमचंच बरं वाटतं. सुरुवातीलाच लबाडी खपवून घेतली तर पुढच्या तीस सेकंदांत पंचाने काय काय बघायचं?

मैदानात आता वाद पेटलाय. पंचाशी बोलायचं ते कर्णधाराने; पण कोपऱ्यातला बचावपटू हातवारे करत पुढे येतो. त्याला मघाशीच हिरवं कार्ड मिळालंय. आता पिवळं निघतं. दोन मिनिटं बाहेर, तोवर संघ एकाने कमी.

‘‘इथेही दोनच मिनिटं?’’ भाचा हसतो. ‘‘पण आमच्याकडे छोट्या दंडात तेवढ्यात गोल खाल्ला, की पेटीतला सुटतो.’’

‘‘इथे नाही सुटत. कितीही गुण जाऊ देत.’’

पिवळं कार्डवाला टॉवेल डोक्यावर घेऊन बसतो. समोरच्यांची चढाई होते, बोनस घेऊन त्यांचा गडी परततो. मग मघाचाच चढाईपटू पुन्हा उठतो. या वेळी तो आपल्याच अंगणात, रेषेपासून चांगली चार पावलं मागे असतानाच, मोठ्ठ्याने ‘कबड्डी, कबड्डी’ सुरू करतो. सगळं मैदान खो खो हसतं. तो पंचाच्या तोंडाकडे बघतच रेषा ओलांडतो आणि उजव्या कोपऱ्यावर झेप घेतो.