कापसाचा धागा आणि कार्बनची सायकल

वार्षिकांकात सायकलीवर लेख आला की वाचक दोन गोष्टींची अपेक्षा धरतो. एक तर तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलीची आणि फुटलेल्या गुडघ्याची आठवण, नाहीतर सायकल चालविण्याचे आरोग्यास होणारे फायदे. प्रस्तुत लेखात या दोहोंपैकी काही नाही. माझा आतेभाऊ अकोल्यास असतो. आम्ही त्याला दादा म्हणतो. गेल्या वर्षी त्याने चीनमधील एका कारखान्याकडून कार्बनची फ्रेम परस्पर मागविली, बाकीचे सुटे भाग ठिकठिकाणांहून गोळा केले आणि चार महिने खपून एक सायकल उभी केली. या खटाटोपात मी हरकाम्या होतो. "इतिहास-मराठी शिकणाऱ्या मुलाचे तेथे काय काम?" असे आमच्या एका सरांनी विचारले. त्या वेळी उत्तर सुचले नाही. ते आता लिहून देत आहे.

धागा

आपण वऱ्हाडचे लोक, तेव्हा आरंभ कापसापासूनच करू. १८७९ साली एडिसनने आपला विजेचा दिवा पेटविला, त्या दिव्याच्या पोटात शिवणाचा साधा सुती दोरा होता. हवा लागू न देता भाजून त्याचा कोळसा केलेला होता, इतकेच. कापसाचा तंतू म्हणजे मुख्यतः सेल्युलोज. तो असा तापविला की त्यातील बाकीची द्रव्ये उडून जातात आणि कार्बन मागे उरतो. कार्बनच्या तंतूचा जन्म हा असा कापसाच्या घरचा आहे. पुढे दिव्यात टंगस्टनची तार आली आणि हा तंतू विस्मृतीत गेला.

तो परत आला तो वेगळ्या रूपाने. १९६० च्या सुमारास जपानमधील ओसाका येथील शासकीय संशोधन संस्थेत अकिओ शिंदो यांनी कापसाऐवजी पॉलिॲक्रिलोनायट्रिल नावाच्या कृत्रिम धाग्यापासून कार्बनचा तंतू काढला. नाव अवघड असले तरी ओळख जुनीच आहे. आपल्या ॲक्रिलिक स्वेटरचा धागा याच कुळातला. हा धागा प्रथम दोन-तीनशे अंश सेल्सिअसला हवेत भाजतात, नंतर हजार अंशांहून अधिक उष्णतेला निष्क्रिय वायूत. जो तंतू उरतो त्याची जाडी ५ ते १० मायक्रॉन असते, म्हणजे डोक्याच्या केसाहून कितीतरी बारीक. पण ओढून पाहिले तर त्याच वजनाच्या पोलादापेक्षा तो पुष्कळ अधिक ताण सोसतो.

नुसत्या तंतूची सायकल होत नाही, जशी नुसत्या सुताची सतरंजी होत नाही. तंतूंचे पातळ पदर इपॉक्सी नावाच्या राळेत भिजवितात, साच्यात एकावर एक बसवितात, आतून दाब देऊन भट्टीत पक्के करतात. येथे कौशल्य आहे ते पदरांच्या दिशेत. सुती कापड उभे किंवा आडवे ओढले तर फारसे ताणत नाही; तिरपे ओढले की लगेच ताणते. कार्बनचेही तसेच. ज्या दिशेने तंतू, त्या दिशेने बळ. म्हणून एक पदर उभा, एक आडवा, एक तिरपा असे मांडावे लागतात. बाहेरून दोन फ्रेम जुळ्या बहिणींसारख्या दिसतील, पण आतील पदरांची मांडणी वेगळी असेल तर एक दहा वर्षे चालेल आणि दुसरी पहिल्याच खड्ड्यात दगा देईल. रंगाखालचे हे गुपित गिऱ्हाइकाला दिसत नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

एवढ्या यातायातीचे फळ म्हणजे हलकेपणा. आपली काळी घोडा-सायकल वीस किलोच्या आसपास भरते. दादाची फ्रेम एक किलोहून थोडी अधिक आणि पूर्ण सायकल साधारण आठ किलो. कॉलेजात येण्या-जाण्यासाठी याची मुळीच गरज नाही. पण परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढू पाहणाऱ्याला, किंवा २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करण्याच्या ब्रेव्हेमध्ये भाग घेणाऱ्याला प्रत्येक किलो जाणवतो. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी तीच शर्यत जोडीने पार पाडली होती. तेव्हापासून आमच्या दादासारख्यांची झोप उडालेली आहे.

परस्पर

आता फ्रेमच्या व्यापाराकडे वळू. जगातील बहुतेक कार्बन फ्रेम तैवान व चीन येथे तयार होतात, नामांकित कंपन्यांच्यासुद्धा. त्यातील काही कारखाने स्वतःच्या साच्यात काढलेल्या, नाव-चिन्ह नसलेल्या फ्रेम कोणालाही थेट विकतात. रंग आपण सांगावा, पैसे आगाऊ भरावेत, खोके घरी येते. मधला आयातदार नाही, दुकानदार नाही, जाहिरात नाही; म्हणून किंमत कमी. मात्र कारखान्याने सांगितलेली किंमत ही शेवटची नव्हे. वाहतूक व विमा त्या किमतीत मिळवून त्यावर जकात बसते आणि त्या सगळ्या बेरजेवर जीएसटी. दर बदलत असतात, म्हणून मागविण्याच्या आधी ते पाहावेत. कुरिअरवाले ओळखीची कागदपत्रे मागतात तीही तयार ठेवावीत. दादाचे खोके आठवडाभर अडकून होते ते एवढ्याचसाठी.

मागविण्यापूर्वी स्वतःचे माप घ्यावे लागते. शिंप्याकडे आपण उभे राहतो आणि माप तो घेतो. येथे शिंपी समुद्रापलीकडे. भिंतीला पाठ लावून, अनवाणी उभे राहून, पायांच्या मध्ये जाड पुस्तक घट्ट वर धरावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत अंतर मोजावे. या अंतराला ०.८८३ ने गुणले की पॅडलच्या धुऱ्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारणपणे मिळते. दादाचे अंतर ८० सेंटिमीटर. सीटची उंची निघाली ७०.६. ही केवळ सुरुवात. फ्रेमची खरी मापे दोन: धुऱ्यापासून हँडलच्या नळीचा माथा किती उंच आणि किती पुढे. सीट मागाहून वर-खाली करता येते. ही दोन मापे चुकली तर जन्मभर मान किंवा कंबर दुखते.

रुळांची रुंदी

मूर्तिजापूर स्टेशन ज्यांनी पूर्वी पाहिले असेल त्यांना शकुंतला आठवत असेल. यवतमाळ आणि अचलपूर अशा दोन दिशांना जाणारी ती छोटी गाडी; तिचे रूळ ७६२ मिलिमीटर रुंदीचे, शेजारच्या मोठ्या लाइनचे १६७६. दोन्ही गाड्या एका स्टेशनात उभ्या राहत, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चढत नसे. आता ती गाडी बंद आहे. पण सायकलीचे सुटे भाग गोळा करताना मला तिची रोज आठवण होई.

कारण प्रत्येक भागाची रुंदी निराळी. मागील चाकाचा हब काही फ्रेममध्ये १३० मिलिमीटरचा, तर डिस्क ब्रेकच्या फ्रेममध्ये १४२ चा आणि त्यात १२ मिलिमीटरचा आरपार धुरा. दादाने एका मित्राकडून स्वस्तात चाकांची जोडी घेऊन ठेवली होती, ती १३० ची निघाली. मोठ्या लाइनीवर शकुंतलेचा डबा! ती जोडी अजून माळ्यावर आहे. पॅडलचा धुरा जेथे बसतो तेथील प्रकार तर मोजता येणार नाहीत इतके. काहींत वाट्या दाबून बसवितात, काहींत चुडीने. जाणत्यांच्या सल्ल्याने दादाने चुडीची फ्रेम मागविली. कारण दाबून बसविलेल्या वाट्या पुढे करकरू लागल्या की त्या काढायला वेगळी अवजारे लागतात.

चाके बांधण्यासाठी दादा अमरावतीला आला. येथील जुन्या वस्तीतील एका वृद्ध मिस्त्रीकाकांकडे मी लहानपणापासून सायकल नेतो. कार्बन त्यांनी कधी पाहिला नव्हता. तरी चुडीच्या वाट्या हाती येताच "उजवीची चुडी उलटी असते, बरं का" असे त्यांनी आम्हालाच सांगितले. हबपासून रिमपर्यंत २८ तारा ओवून, प्रत्येक तार बोटाने छेडून, तिचा सूर ऐकत त्यांनी चाकांचा आउट काढला. जगाच्या पाठीवर कोठलीही फ्रेम येवो, आउट काढणारा कान बदलत नाही.

जोडणी

बाकीची जोडणी अकोल्यास घरीच झाली. पुढच्या चिमट्याची नळी गरजेपुरती ठेवून बारीक दात्यांच्या करवतीने कापावी लागते. ती ओली करून आणि तोंडावर मास्क लावून कापावी, कारण कार्बनची भुकटी फुप्फुसाला वाईट. सीटच्या दांड्याला ग्रीसऐवजी कार्बनची खरखरीत पेस्ट लावतात, म्हणजे बोल्ट कमी आवळूनही दांडा सरकत नाही. आणि बोल्ट किती आवळावेत याचा आकडा भागावर छापलेला असतो, बहुधा ४ ते ६ न्यूटन-मीटर. तो मोजायला टॉर्क रेंच मिळतो.

आमच्याकडे टॉर्क रेंच नव्हता. तो मागविलेला होता, यायला दोन दिवस होते, आणि दादाला दम नव्हता. साध्या चावीने हाताच्या अंदाजाने सीटचा पट्टा आवळताना 'टिक्' असा बारीक आवाज झाला. पट्ट्याखाली केसाएवढी रेघ दिसली. रंगाला तडा की फ्रेमला, कळेना. रात्रभर कोणी बोलले नाही. वर्षभर साठविलेले पैसे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही फ्रेम घेऊन अमरावतीला काकांकडे गेलो. त्यांनी खिशातून रुपया काढला आणि मडके वाजवून घ्यावे तसे ते फ्रेम वाजवीत गेले. सगळीकडे खणखण, रेघेजवळ भद्द. पदर सुटलेला होता. काका म्हणाले, "लोखंड मोडाच्या आंधी वाकते, बापा, मानसाले सांगते. हे तं सांगतच नाही!" पोलादाची फ्रेम वाकून इशारा देते, कार्बनची बहुधा देत नाही, आणि घाटाच्या उतारावर असे मोडणे जिवावर बेतते. पंचवीस-तीस वर्षांच्या हातांचा अंदाज येथे उपयोगी पडत नाही, हे त्या हातांनीच आम्हाला सांगितले.

विक्रेत्याला छायाचित्रे पाठविली. त्याचे उत्तर नम्र होते: जोडणीतील चुकीची हमी आमच्याकडे नाही. त्याचे चुकले असे म्हणता येईना. चूक आमचीच होती. शेवटी पुण्यास एका दुरुस्ती करणाऱ्याने खराब पदर उताराने घासून काढले आणि त्यांच्या जागी नवे चढविले. त्यात सहा आठवडे गेले. सगळा हिशेब मांडल्यावर तयार सायकलीच्या दोनतृतीयांश खर्च आला. बचत झाली, पण जेवढी खोक्यावर लिहिली होती तेवढी नाही.

मधला माणूस

आता सरांच्या प्रश्नाचे उत्तर. वऱ्हाडात अडत्याला नावे ठेवणे हा जुना परिपाठ आहे आणि त्याला कारणेही आहेत. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली ती मधल्या माणसाला वगळण्यासाठीच. पण व्यापारी वगळला म्हणून कापसाची प्रत ठरविण्याचे काम वगळता आले नाही. त्यासाठी ग्रेडर नेमावेच लागले. बोंडातील धाग्याची लांबी कोणीतरी चिमटीत धरून पाहावीच लागते.

सायकलीचेही हेच आहे. दुकानदाराला आपण जो नफा देतो, त्यात त्याची लूट किती आणि त्याचे काम किती हे आपण कधी वेगळे करून पाहत नाही. माप घेणे, भाग जुळविणे, योग्य जोराने आवळणे, महिन्याने पुन्हा तपासणे आणि मोडले तर समोर उभे राहून बोलणे ऐकून घेणे, ही सारी कामे त्या किमतीत असतात. मधला माणूस काढला की ती कामे नाहीशी होत नाहीत. आपल्या अंगावर येतात. ती शिकायची तयारी असेल त्याने फ्रेम जरूर मागवावी. मात्र टॉर्क रेंच फ्रेमच्या आधी घ्यावा, आणि मडके वाजवून घेणारा एक माणूस ओळखीचा ठेवावा.

सायकल पुरी झाल्यावर एका रविवारी पहाटे दादा अकोल्याहून अमरावतीकडे निघाला. मूर्तिजापूरपर्यंत मी त्याला सामोरा गेलो, अर्थात माझ्या काळ्या सायकलीवर नव्हे, एस.टी.ने. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात एका पदराचा ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत घालून जागतिक विक्रम झाला होता. आम्हाला एका सायकलीला चार महिने लागले.

चहाच्या टपरीवर एका शेतकऱ्याने सायकल एका बोटावर उचलून पाहिली आणि विचारले, "कोन्या कंपनीची हाय?" फ्रेमवर नाव नव्हते. दादा सांगू लागला: फ्रेम चीनची, चाके अमरावतीच्या काकांनी बांधलेली, दुरुस्ती पुण्याची, जोडणी घरची. तो गृहस्थ शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे बिघडली तं बोलनं तुमालेच!"

दादा हसला आणि म्हणाला, "हो, मलाच."