बाळंतिणीचा दीड महिना : समजुती आणि वस्तुस्थिती

बंगळुरूतल्या मराठी घरात बाळंतपण असलं की कोल्हापूर, सांगली नाहीतर पुण्याहून लेकीची आई येते. पिशवीत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा. सव्वा-दीड महिना ती लेकीला काडी इकडची तिकडे करू देत नाही. मग परतीचं तिकीट निघतं, नवऱ्याचं ऑफिस सुरूच असतं आणि घरात दिवसभर उरतात आई आणि बाळ. आता ती पूर्ववत झाली, असं सगळे धरून चालतात. पहिला गैरसमज हाच.

प्रसूतीनंतर साधारण किलोभर वजनाचं असलेलं गर्भाशय सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येतं, हे खरं. पण सिझेरियनची जखम वरून भरली तरी आतले थर बळकट व्हायला कित्येक महिने जातात. खोकताना-शिंकताना लघवी निसटणं तर बायका वर्षानुवर्षं निमूट सोसतात. त्यावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत आणि फिजिओथेरपिस्ट ते शिकवतात. सरकारी कार्यक्रमातही लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायला सांगितल्या आहेत, दीड महिना नव्हे.

“पाणी कमी पी, पोट सुटेल.” हा सल्ला मराठी आज्याही देतात आणि कानडी शेजारणीही. पोट सुटलेलं दिसतं ते ताणलेल्या स्नायूंमुळे. पाण्याचा त्यात काही दोष नाही. उलट अंगावर पाजणाऱ्या बाईला पाणी जास्तच लागतं. ते तोडलं की बद्धकोष्ठ होतो आणि लघवीच्या जंतुसंसर्गाला वाव मिळतो. शिवाय बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका बराच वाढलेला असतो. अंथरुणाला खिळून राहणं आणि पाणी तोडणं, दोन्हींमुळे त्यात भर पडते. म्हणून विश्रांती हवी, पण घरातल्या घरात चालणंही हवं. एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली किंवा धाप लागली तर थेट दवाखाना गाठावा.

आणि शेक-शेगडी? फ्लॅटच्या बंद खोलीत निखारे ठेवू नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि खोलीत बाळही असतं.

मनाच्या बाबतीत तर गैरसमज शब्दांत येण्याआधीच घराच्या वागण्यात दिसतो. लाडू खाल्लास का, दूध पुरतंय का, सगळं विचारलं जातं. तुला कसं वाटतंय, हे कुणी विचारत नाही. आणि ती रडली तर, “इतकं गोड बाळ पदरात आहे, रडायला काय झालं?”

पहिल्या आठवड्यात रडू येणं अगदी सर्रास आढळतं. संप्रेरकं झपाट्यानं उतरलेली असतात, झोप तुटलेली असते. दोन आठवड्यांत हे ओसरतं. त्यानंतरही उदासी राहिली, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नसेल, आपण वाईट आई आहोत असं सतत वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. “ही शिकलेल्या शहरी बायकांची थेरं” म्हणणाऱ्यांनी गोव्यातला अभ्यास पाहावा. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात सुमारे २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं आणि त्याचा संबंध पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, मारहाण, मुलगी होणं यांच्याशी होता.

हजारात एक-दोघींना याहून गंभीर आजार होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच. बाई रात्र-रात्र जागी राहते, असंबद्ध बोलते, बाळाबद्दल भलतेच संशय घेते. घरातले बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करतात आणि मोलाचे दिवस वाया जातात. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं, असा हा आजार आहे. उपचारानं बहुतेक जणी बऱ्या होतात.

घरचे कचरतात, कारण दाखल केलं तर बाळाची ताटातूट होईल असं त्यांना वाटतं. या भीतीला बंगळुरूतच उत्तर आहे. होसूर रस्त्यावरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २००९ साली डॉ. प्रभा चंद्रा यांच्या पुढाकारानं देशातला पहिला माता-बाल मनोविकार कक्ष सुरू झाला. तिथे आईबरोबर बाळ राहतं, घरचं माणूसही राहतं. बाळाला घेणं, पाजणं, त्याच्याशी बोलणं हा तिथल्या उपचाराचाच भाग असतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही सांगतो की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करू नये. बाळाला इजा होण्याचा धोका असेल तरच, तोही तात्पुरता अपवाद.

“औषधं सुरू म्हणजे अंगावरचं बंद” हेही सरसकट खरं नाही. सर्ट्रालिनसारखी काही औषधं दुधात फार थोडी उतरतात. औषध सुरू ठेवायचं की पाजणं थांबवायचं, हे डॉक्टर ठरवतील. घरात परस्पर ठरवू नये.

दीड महिन्याच्या विश्रांतीची आपली रीत चांगलीच आहे, ती मोडायला माझा विरोध राहील. पण ती सगळं एकाच वेळी देते आणि एकाच दिवशी काढून घेते. जमल्यास लेकीच्या आईनं दोन खेपांत यावं आणि मधल्या काळात नवऱ्यानं रात्रीची एक पाळी स्वतःकडे घ्यावी. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत टाक्यांइतकंच मनाबद्दलही बोलावं. दोन आठवड्यांपलीकडे उदासी टिकली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. बाळंतिणीला ते सुचणार नाही. फोन तुम्ही लावून द्या.