बेताल नाडीचा संसार

इंदुरातील आमचे एक स्नेही आहेत. साठी उलटलेले, सेवानिवृत्त शिक्षक. घरीदारी सारे त्यांना अण्णा म्हणतात. रोज पहाटे फिरावयास जाणारे अण्णा एकाएकी घरातच बसू लागले. छातीत पाखरू फडफडल्यासारखे होई, एक जिना चढताच दम लागे. पाहणाऱ्यास मात्र काहीच दिसत नसे. ना ताप, ना सूज. ‘अण्णा, तुम्ही फार विचार करता,’ असे चिरंजीव म्हणत. शेवटी हृदयाचा आलेख काढला तेव्हा विकाराचे नाव कळले : एट्रियल फिब्रिलेशन.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांना अलिंद म्हणतात. या विकारात तेथे मिनिटाला ३५० हून अधिक विद्युत्‌स्पंद उठतात आणि अलिंदे आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरतात. त्यांतील काही स्पंद कसेबसे खाली पोहोचतात, म्हणून नाडी बेताल लागते. पण मोठे भय निराळेच आहे. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळते आणि ती गुठळी मेंदूकडे गेली की अर्धांगवायू होतो. निरोगी माणसापेक्षा हा संभव सुमारे पाचपट असतो.

त्यावर रक्त गोठू न देणारी गोळी देतात. अण्णांच्या हृदयाची झडप बालपणीच्या सांधेतापाने अरुंद झालेली. अशा रुग्णांना नव्या गोळ्यांपेक्षा जुनीच जात हितकर ठरते, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातही दिसले. म्हणून त्यांना वॉरफरिन मिळाले. गोळीबरोबर घरात भीतीही शिरली. पालेभाजी म्हणजे विष, असे कोणीतरी सांगितले; मेथी-पालक बंद. दाढीचे पाते लपविले गेले. नातवंडांना आजोबांच्या अंगावर चढण्याची मनाई झाली. एके दिवशी हिरड्यांतून रक्त आले, आणि अण्णांनी कोणास न सांगता गोळीच सोडली! पुढच्या रक्ततपासणीत आय.एन.आर.चा आकडा दोनच्या पुष्कळ खाली उतरलेला पाहून डॉक्टरांनी ही चोरी पकडली. त्यांच्यासाठी तो दोन ते तीनच्या दरम्यान हवा होता.

डॉक्टरांनी मग वहिनींना समोर बसवून समजाविले. वॉरफरिन ‘के’ जीवनसत्त्वाच्या कार्यास अटकाव करते आणि पालेभाजीत ते विपुल असते, म्हणून भाजी वर्ज्य नाही. तिचे प्रमाण मात्र आठवड्यामागून आठवडा सारखे असावे. रक्त दिसले तर गोळी आपल्या मनाने सोडायची नाही, तत्काळ कळवायचे.

एवढ्याने आकडा सुधारला. अण्णा मात्र खुर्चीतून उठेनात.

या रुग्णांचे जगणे कसे चालले आहे हे मोजण्यासाठी २०११ साली २० प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तीत धडधडीबरोबर रोजची कामे आणि उपचारांविषयीची काळजी यांचीही विचारपूस आहे. प्रश्नपत्रिका काढण्यात आयुष्य गेलेल्या मला हे फार आवडले. एका संध्याकाळी चिरंजीवांच्या देखत मी त्याच धर्तीवर अण्णांना विचारीत गेलो. पुष्कळ वेळाने ते म्हणाले, “मरणाचे काही वाटत नाही हो. रस्त्यात एकटा पडलो, रक्त वाहू लागले, आणि या गोळीचे कोणास ठाऊकच नसले, तर?”

चिरंजीव खाली मान घालून ऐकत होते.

आता थोरला नातू सकाळी त्यांच्याबरोबर दोन चौक चालून येतो. अण्णांच्या खिशात चिठ्ठी असते : गोळीचे नाव, मात्रा, शेवटच्या तपासणीचा आकडा आणि घरचा दूरध्वनी. दर महिन्याला ती नातूच नव्याने लिहितो. मेथी मंगळवारी आणि शुक्रवारी होते, आणि वहिनी ती वाटीने मोजून वाढतात.