तापलेल्या काचेचा सूर आणि त्याचं गणित

इलेक्ट्रिक गिटारची तार छेडली की तिची थरथर विजेत बदलणाऱ्या पिकअपमधून निघणारी वीज सहसा एक व्होल्टसुद्धा भरत नाही. तेवढ्याशा विजेवर भरलेलं सभागृह दणाणून सोडायचं, तर ती कैक पटींनी वाढवावी लागते. हे काम सर्वांत आधी काचेच्या व्हॉल्व्हने केलं. जुना रेडिओ लावल्यावर तो तापेपर्यंत ज्यांनी वाट पाहिली आहे, त्यांच्या घरात हा व्हॉल्व्ह होताच.

त्या काचेच्या आत जे घडतं ते मला दर वेळी नव्याने थक्क करतं. आतली हवा काढून टाकलेली असते. मधोमध धातूची बारीक नळी, सुमारे ७०० अंश सेल्सियसला लालसर तापलेली. त्या उष्णतेने इलेक्ट्रॉन धातू सोडून बाहेर पडतात आणि काहीशे व्होल्टवर असलेल्या समोरच्या पत्र्याकडे झेपावतात. वाटेत तारेची जाळी असते. गिटारची इवलीशी वीज या जाळीवर सोडली की ती क्षणात इलेक्ट्रॉनांना मागे रेटते, क्षणात वाट मोकळी करते. तारेची थरथर त्या मोठ्या प्रवाहात जशीच्या तशी उमटते. ही जाळी ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने १९०६मध्ये बसवली आणि ध्वनिक्षेपणाचं युग सुरू झालं. आपल्याकडे स्वातंत्र्यलढ्यातल्या सभांना आवाज पुरवणाऱ्या मोटवाने यांच्या शिकागो रेडिओची यंत्रं व्हॉल्व्हवरच चालत. पुढे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने व्हॉल्व्ह देशातच बनवले.

‘जशीच्या तशी’ म्हटलं खरं, पण गिटारवादक या यंत्राच्या प्रेमात पडले ते तसं होत नाही म्हणून. व्हॉल्व्हला झेपेल त्याहून जास्त वीज दिली की लहरींचे माथे दबतात. हा दबाव एकदम येत नाही, हळूहळू येतो. त्यातून मूळ सुरात नसलेले सूर जन्मतात. गिटारची ‘ए’ तार ११० हर्ट्झची. ती अशी दबली की २२० हर्ट्झचा वरचा षड्ज आणि ३३० हर्ट्झचा पंचम तिच्यातून ठळकपणे बोलू लागतात. तंबोऱ्यातही असंच काहीसं होतं: मिरजेचे कारागीर जवारी काढतात तेव्हा तार घोडीला किंचित घासेल अशी सोय करतात, आणि त्या घासण्यातूनच स्वर भरीव होतो. अभियंत्यांना व्हॉल्व्हमधली ही विकृती दोष वाटत होती. वादकांनी तिलाच वाद्याचा आवाज मानलं. शिवाय जोरात झटका दिला की आतला व्होल्टेज क्षणभर खाली बसतो आणि सावकाश सावरतो. त्यामुळे सूर बोटाखाली लवचीक लागतो.

आता व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे अ‍ॅम्प, कुवेतमध्ये नेऊन बघू. कुवेत शहराच्या दक्षिणेला, महबूला आणि मंगफ यांच्यामध्ये समुद्राकाठी अबू हलीफा आहे. इथे एकावर एक फ्लॅट. इथल्या मराठी वादकाला घरी सराव करायचा असेल, तर पहिली अडचण आवाजाची. व्हॉल्व्हचा खरा गोडवा तो जोरात वाजतो तेव्हाच उतरतो, आणि ५० वॅटच्या जागी ५ वॅटचा अ‍ॅम्प आणला तरी कानाला आवाज फक्त निम्म्याने कमी वाटतो. शेजाऱ्यांची झोप ५ वॅटनेही उडते.

दुसरी अडचण विजेची. कुवेतमध्ये २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेतल्या नातेवाइकाने हौसेने १२० व्होल्टचा अ‍ॅम्प दिला, तर तो इथे थेट लावता येत नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, पण हर्ट्झ बदलत नाही. केवळ ६० हर्ट्झसाठी बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरचं लोखंड ५० वर जास्त तापतं. भारतातून नेलेल्या अ‍ॅम्पची पिन तेवढी बदलावी लागते.

तिसरी अडचण उन्हाळ्याची. कुवेतमधल्या मित्रिबा इथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंशांची नोंद झाली आहे. आत ७०० अंश सोसणाऱ्या व्हॉल्व्हला त्याचं काही नाही, पण शेजारच्या इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरला आहे. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. आणि वजन? फेंडरचा व्हॉल्व्हवाला ट्विन रिव्हर्ब अ‍ॅम्प सुमारे २९ किलोंचा. विमानाच्या सामानात तो एकटाच मावेल.

या सगळ्या अडचणींना उत्तर म्हणून व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पची गणिताने नक्कल करणारा मॉडेलर आला. लाइन ६ कंपनीने १९९८मध्ये काढलेला लाल रंगाचा पॉड अनेकांना आठवत असेल. मॉडेलर गिटारची लहर सेकंदाला साधारण ४८,००० वेळा मोजतो, आणि दर दोन मोजण्यांच्या मधल्या २१ मायक्रोसेकंदांत एकच प्रश्न सोडवतो: या क्षणी व्हॉल्व्ह इथे असता तर त्याने काय केलं असतं? माथे किती दबले असते, व्होल्टेज किती बसला असता, बारा इंची स्पीकरने कुठले तीव्र सूर गाळले असते, सगळा हिशेब त्यात येतो. २०११च्या सुमाराला जर्मनीच्या केम्पर कंपनीने वेगळी वाट काढली. खऱ्या अ‍ॅम्पमधून चाचणीचे ध्वनी सोडायचे, बाहेर येतं ते ऐकायचं आणि त्या अ‍ॅम्पचा स्वभाव टिपून ठेवायचा. आता न्यूरल नेटवर्क काही मिनिटांचं वादन ऐकून हेच शिकतात. ज्या दोषापासून सुटका व्हावी म्हणून अभियंते झटले, तोच दोष हुबेहूब उतरवण्यासाठी आज एवढं गणित राबतं आहे!

उशीर होतो का? होतो, सुमारे २-३ मिलिसेकंदांचा. ध्वनी तेवढ्या वेळात हवेतून जेमतेम मीटरभर जातो, म्हणजे स्पीकरपासून एक पाऊल मागे उभं राहण्याइतकाच फरक.

गणेशोत्सवातल्या कार्यक्रमात भावगीतामागे स्वच्छ सूर लागतो आणि पुढच्याच गाण्याला सत्तरच्या दशकातल्या हिंदी चित्रपटसंगीताचा खरखरीत. मॉडेलरवर पायाने एक बटण दाबलं की झालं. वायर थेट मिक्सरला जाते, आणि अख्खा मॉडेलर पाठीवरच्या पिशवीत मावतो. खऱ्या अ‍ॅम्पसमोर उभं राहिल्यावर हवा अंगावर येते, तार आपणहून गुणगुणू लागते. छोट्या मॉनिटरवर तो अनुभव पूर्ण मिळत नाही, हे मान्य. तरीही कार्यक्रम करणाऱ्या अबू हलीफातल्या वादकाला माझं सांगणं स्पष्ट आहे: मॉडेलर घ्या. मिक्सरला जोडताना त्यातलं स्पीकरचं अनुकरण चालू ठेवा, गिटारच्या अ‍ॅम्पला जोडताना बंद करा. बरेच लोक ‘डिजिटलचा आवाज कर्कश’ म्हणतात ते इथेच चुकतात.

आणि सुट्टीवर मुंबई-पुण्याला आलात की एखाद्या सरावाच्या स्टुडिओत तासभर व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पवर वाजवा. बोट हलकं ठेवलं की काय होतं आणि जोर दिला की काय होतं, हे नीट ऐकून घ्या. परत गेल्यावर मॉडेलरची बटणं त्या आठवणीवर लावा.