बॅकअप आहे ना? मग उघडून दाखवा!



ट्रेनिंगला येणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारतो. तुमच्या बिलिंगचा सगळा डेटा उद्या सकाळी गेला तर काय कराल? उत्तर ठरलेलं असतं, "सर, बॅकअप आहे ना!" मग मी म्हणतो, उघडून दाखवा. इथेच बहुतेकांची गाडी अडते.

हे फक्त छोट्या दुकानात होतं असं समजू नका. गिटलॅब ही मोठी सॉफ्टवेअर कंपनी. जगभरातले प्रोग्रामर आपलं काम तिच्या वेबसाइटवर ठेवतात.

नक्की काय झालं?

31 जानेवारी 2017 ची रात्र. गिटलॅबकडे डेटाबेसचे दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि दुसरा त्याची कॉपी ठेवणारा. कॉपी नीट होईना, म्हणून एका इंजिनिअरने दुसऱ्या सर्व्हरवरचा डेटा पुसून नव्याने सुरुवात करायचं ठरवलं. पण कमांड चालली मुख्य सर्व्हरवर! एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं. तोपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी जेमतेम 4.5 जीबी उरलं होतं.

बॅकअप होता की! रोज आपोआप निघायचा. शोधायला गेले तर फोल्डर रिकामा. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामचं व्हर्जन डेटाबेसशी जुळत नव्हतं, त्यामुळे तो रोज फेल होत होता. फेल झाल्याचे ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हते.

वाचवलं कशाने? साधारण 6 तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढून ठेवलेल्या एका कॉपीने. वेबसाइट सुमारे 18 तास बंद राहिली. लोकांचा कोड वाचला, पण त्या 6 तासांतल्या नोंदी, कमेंट आणि अंदाजे 700 नवीन खाती गेली ती गेलीच.

पुढे त्यांनी काय केलं ते महत्त्वाचं

त्यांनी काही लपवलं नाही. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. नंतरच्या अहवालात त्या इंजिनिअरचं नावसुद्धा घातलं नाही. "असं का झालं?" हे विचारत विचारत ते मुळापर्यंत गेले. मूळ काय निघालं? बॅकअप तपासायची जबाबदारी कुणा एकाची नव्हतीच.

आपल्या धंद्यात हे कसं वापरायचं?

1. महिन्यातून एकदा बॅकअप उघडा. तो दुसऱ्या मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर उघडा, चालू डेटावर चढवू नका. शेवटचा बिल नंबर आणि दोन-तीन गिऱ्हाइकांची उधारी जुळवून बघा. जुळलं, तरच तो बॅकअप.

2. एका कामाला एकच नाव. "आम्ही सगळे बघतो" म्हणजे कुणीच बघत नाही. बायको, भाऊ, कामाचा मुलगा, कुणीही चालेल. पण नाव आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

3. डिलीट करण्याआधी थांबा. आपण कुठल्या फाइलमध्ये, कुठल्या वर्षात आहोत ते मोठ्याने वाचा. रात्री शटर ओढताना, थकलेले असताना असली कामं काढू नका.

4. "कुणी केलं?" आधी "कसं झालं?" विचारा. चुकीची एंट्री सांगणाऱ्या मुलाला चारचौघांत झापलंत, तर पुढची चूक तो सांगणार नाही. ती तुम्हाला गल्ल्यातून कळेल. उशिरा.

आणि डेटा जाणं म्हणजे फक्त उधारी बुडणं नाही. जीएसटी नोंदणी असेल तर हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने सांभाळाव्या लागतात. "मोबाइल पडला साहेब" हे उत्तर तिथे चालत नाही.

गिटलॅबकडे निदान 6 तासांपूर्वीची कॉपी निघाली. तुमच्याकडची शेवटची कॉपी किती दिवसांपूर्वीची आहे? आज दुकान उघडलं की पहिल्या अर्ध्या तासात एवढं एकच काम करा. बॅकअप उघडा आणि बघा.