प्रवाळ-टाकीच्या सफाईसाठी गोगलगायींची निवड : ठाणे खाडीच्या संदर्भात

खाऱ्या पाण्याची प्रवाळ-टाकी घरात वा प्रयोगशाळेत बाळगणाऱ्यास पहिल्या काही महिन्यांतच शैवालाचा उपद्रव सोसावा लागतो. काचेवर तपकिरी पापुद्रा धरतो, खडकांवर हिरवे तंतू वाढतात आणि प्रवाळांचा प्रकाश अडतो. त्यावर गोगलगायी सोडणे हा रूढ उपाय होय. ठाणे, कल्याण वा डोंबिवली येथील रहिवाशाच्या मनात अशा वेळी एक विचार सहज येतो. खाडी हाकेच्या अंतरावर आहे, ओहोटीच्या वेळी तिच्या चिखलावर शंखधारी जीवांचा खच पडलेला दिसतो; मग दुकानात पैसे मोजून गोगलगायी आणण्याचे प्रयोजन काय? प्रश्न वरकरणी काटकसरीचा वाटला तरी त्याचे उत्तर या प्राण्यांच्या मुखाच्या रचनेत सापडते.

उदरपाद वर्गातील बहुतेक प्राण्यांच्या मुखात कानशीसारखी एक दंतपट्टिका असते. कोणती गोगलगाय काय खाऊ शकेल, हे मुख्यतः तिच्या दातांच्या मांडणीवरून ठरते. ट्रोकस, टर्बो व नेरिटा यांच्या दंतपट्टिकेतील प्रत्येक आडव्या ओळीत असंख्य बारीक दात पंख्यासारखे पसरलेले असतात. केरसुणीने अंगण झाडावे त्याप्रमाणे ते पृष्ठभागावरील सूक्ष्म शैवालाचा थर झाडून घेतात. सेरिथियम व लिटोरिना यांच्या ओळीत सातच दात असतात, त्यांचा उपयोग खरवडण्याकडे व वेचण्याकडे अधिक. नॅसॅरियस, थाइस इत्यादींच्या ओळीत दातांची संख्या तीनपलीकडे जात नाही, आणि हे दात मांस फाडण्यासाठी असतात. 'सफाई करणारी गोगलगाय' हा व्यापारी शब्द या तिन्ही गटांना सरसकट लावला जातो, तेथेच घोटाळ्यास प्रारंभ होतो.

आता खाडीकडे वळू. ठाणे खाडीच्या व उल्हास नदीच्या मुखाकडील चिखलात आणि तिवरांच्या मुळांशी सेरिथिडिया या जुन्या नावाने परिचित असलेले लहान मनोऱ्यासारखे शंख विपुल आढळतात. त्यांच्या जोडीस टेलिस्कोपियम हा काळपट, शंकूच्या आकाराचा, सुमारे 10 सेंटिमीटर लांबीचा मोठा शंख असतो. हे जीव टाकीतील खारट पाण्यात मरतील अशी समजूत पुष्कळांची असते. ती बरोबर नाही. खाडीच्या वरच्या भागातील पाणी पावसाळ्यात जवळजवळ गोडे होते आणि उन्हाळ्यात समुद्राच्या लवणतेजवळ जाते. हा फेर जे दरवर्षी सोसतात त्यांना दर हजारी 35 भाग लवणतेचे टाकीतील पाणी असह्य होण्याचे कारण नाही. त्यांचा नाश ओढवतो तो उपासमारीने. हे प्राणी चिखलाच्या पृष्ठावरील कुजके सेंद्रिय कण व त्यांत मिसळलेले सूक्ष्म शैवाल खाऊन जगतात. स्वच्छ पांढरी वाळू, वेगाने फिरवलेले पाणी आणि काचेची उभी भिंत यांत त्यांना आहार मिळत नाही. काही आठवडे ते हालचाल करीत राहतात, त्यामुळे प्रयोग यशस्वी झाल्याचा भास होतो. पुढे एकेक करून ते मरू लागतात. एखादा जीव परिस्थिती सोसतो यावरून तो तेथे नांदेल असे अनुमान काढणे धोक्याचे आहे, आणि प्रवाळ-टाकीच्या बाबतीत ते वारंवार काढले जाते.

याशिवाय दोन आक्षेप आहेत. खाडीत औद्योगिक सांडपाणी व शहरांचा मैला दीर्घकाळ येत असून गाळात जड धातू साठले आहेत. गाळ खाणाऱ्या प्राण्याच्या ऊतींत ते उतरतात. सेरिथिडिया हा तर पर्णकृमींच्या अळ्यांचा प्रसिद्ध मध्यस्थ पोशिंदा आहे. दुसरा आक्षेप कायद्याचा. खाडीच्या पश्चिम काठाचा ऐरोली व वाशी पुलांच्या दरम्यानचा भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला व 2022 साली ठाणे खाडीचा रामसर यादीत समावेश झाला. अभयारण्यातून अनुमतीवाचून शंख उचलणे हा गुन्हा ठरतो, मग ते कितीही क्षुद्र वाटोत.

खडकाळ किनाऱ्यावरील जीवांची गोष्ट निराळी. मुंबईपासून दक्षिणेकडे कोकणपट्टीत भरती-ओहोटीच्या पट्ट्यात नेरिटाच्या जाती सर्वत्र दिसतात. तिचा आहार योग्य, कवच जाड, लवणतेची व उष्णतेची सहनशक्ती मोठी. दोष एवढाच की ती स्वभावतः पाण्याच्या वर चढणारी आहे. टाकीस झाकण नसल्यास सकाळी ती जमिनीवर सापडते. खडकावर व काचेवर ती तिळाएवढी पांढरी अंडकोशिका चिकटवते. तिच्या अळ्या प्लवकांत वाढणाऱ्या असल्यामुळे टाकीत त्यांची पैदास होत नाही, ठिपके मात्र राहतात. लिटोरिना याहून वरच्या पट्ट्यात, बहुतेक वेळ पाण्याबाहेर राहते; तिला बुडत्या टाकीत ठेवणे व्यर्थ होय.

प्रवाळांच्या खऱ्या सोबती ट्रोकस व टर्बो याच होत. महाराष्ट्रात प्रवाळवस्ती पाहावयाची तर मालवणकडे जावे लागते. तेथील सागरी अभयारण्य 1987 सालचे आहे. ट्रोकस उलटी पडली तर बहुधा स्वतः सावरते. अस्ट्रिया नावाने विकली जाणारी गोगलगाय वाळूवर उलटली की पुष्कळदा तशीच मरते. निवडीत हा एवढासा फरक निर्णायक ठरतो. तथापि ट्रोकस निलोटिकस व टर्बो मार्मोरेटस या मोठ्या जाती, आणि त्यांच्यासमवेत सर्व पाषाणप्रवाळ, 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत घातले गेले. विक्रेत्याने केवळ 'ट्रोकस' म्हणून पुढे केलेला जीव कोणत्या जातीचा व कोठला, हे विचारल्यावाचून घेऊ नये.

दुकानातील आणखी दोन प्रकारांविषयी सावधगिरी हवी. मार्गरिटा नावाची गोगलगाय थंड पाण्यातील आहे. 26 अंशांच्या टाकीत ती लवकर खंगते. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची एंजिना देखणी खरी, परंतु ती मांसभक्षक असून वाळूतील उपयुक्त कृमी खाते. नॅसॅरियसही शैवाल खात नाही. वाळूत दडून केवळ शुंडिका वर ठेवणारी ही गोगलगाय मृत मासा वा उरलेले अन्न यांचा वास येताच बाहेर पडते. तिचे काम मोलाचे आहे, पण ते वेगळे काम आहे.

संख्येबाबत 'इतक्या लिटरला इतक्या' असे कोष्टक दिले जाते, त्यास शास्त्रीय आधार नाही. आहार पाण्याच्या आकारमानावर अवलंबून नसून प्रकाश, पोषकद्रव्ये व खडकांचे क्षेत्रफळ यांवर अवलंबून असतो. प्रथम थोड्या गोगलगायी सोडून महिनाभर थराचे निरीक्षण करणे इष्ट. शिवाय गोगलगाय नायट्रेट व फॉस्फेट नाहीसे करीत नाही; खाल्लेल्या शैवालातील पोषकद्रव्यांचा बराच भाग विष्ठा व अमोनिया यांच्या रूपाने पाण्यातच परततो. ती द्रव्ये बाहेर काढण्यास पाणी बदलणे व फेननिःसारक यांचाच अवलंब करावा लागतो. मेलेल्या मोठ्या टर्बोचे मांस लहान टाकीत कुजल्यास अमोनिया प्राणघातक पातळीस जातो, हेही ध्यानी ठेवावे.

गोगलगायींचे देहद्रव भोवतालच्या पाण्याच्या लवणतेस अनुसरतात, म्हणून प्रवासातील पिशवीच्या पाण्यात टाकीचे पाणी थेंबथेंब मिसळत एक-दोन तास घालवावेत. माशांच्या रोगावर ताम्रयुक्त औषध ज्या टाकीत वापरले गेले असेल तीत त्या मुळीच सोडू नयेत. तांब्याचा अल्पांशही त्यांना मारक असतो. नवागत जीव प्रथम वेगळ्या पात्रात ठेवून रात्री बॅटरीच्या उजेडात कवचाच्या कडा तपासाव्यात. तेथे तांदळाच्या कणीएवढे पांढरे शंख दिसल्यास ते पिरॅमिडेला कुलातील परजीवी असण्याचा संभव असतो, व ते चिमट्याने एकेक वेचून काढावे लागतात.